ओहम मोजून आवाज कळत नाही

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलायला हवा, हे मला गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तोंडावर पटले. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाचजण दर रविवारी संध्याकाळी सरावाला बसतो. बेस गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक गायक आणि मी असा तो संच आहे. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज मला स्वच्छ आणि धारदार वाटत असे, तोच बाकीची वाद्ये सुरू झाली की पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा ऐकू येई. तो कानाला टोचायचा, पण गाण्याला त्याचा आधार मिळत नसे. बेस वाजवणारा मित्र एकदा मध्येच थांबून म्हणाला, "भावा, तुझी गिटार दिसतीया, पण ऐकू येईना."

आवाज भरीव हवा, असे आपण सहज म्हणतो, पण त्याचा नेमका अर्थ ठरवल्याशिवाय पैसे खर्च करणे धोक्याचे असते, हे मी स्वतः एकदा फसल्यावर शिकलो. या बाबतीत आपल्या भागातल्या लोकांना एक सोय आहे. कोल्हापूरहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर मिरज आहे, आणि तिथल्या सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे आवाजाच्या पोताविषयीचे शब्द तयार आहेत. घोडीचा पृष्ठभाग घासून ते जवारी काढतात; ती खुली ठेवली की आवाज झणझणीत आणि पसरट होतो, बंद केली की तो गोल आणि आटोपशीर होतो. माझ्या गिटारची जवारी, असे म्हणता आले तर, गरजेपेक्षा जास्त खुली होती. मला ती थोडी मिटवायची होती, पूर्ण बंद करायची नव्हती. हा फरक तेव्हा लक्षात आला असता, तर पहिला पिकअप मी घेतलाच नसता.

गिटार स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची आहे, म्हणजे तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, तिरका बसवलेला ब्रिज पिकअप आणि पाच जागांचा स्विच. या रचनेत ब्रिजकडचा आवाज पातळ असणे हा दोष नसून भूमिती आहे. तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर आहे. नेककडचा पिकअप ब्रिजपासून साधारण एक चतुर्थांश लांबीवर असल्यामुळे तिथे तार मोकळी झुलते आणि मूळ स्वर ठळक मिळतो. ब्रिजकडचा पिकअप मात्र तारेच्या टोकापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर असतो. तिथे तारेचे झुलणे अगदी थोडे असते आणि मूळ स्वराच्या तुलनेत वरचे उपस्वर जास्त उमटतात. पिकअप कोणताही बसवा, ही जागा बदलत नाही. त्यामुळे जाहिरातीत ब्रिज पिकअपला नेकसारखा गोड आवाज देण्याचे वचन दिसले, तर ते मनावर घेऊ नये.

माझे मामा शिवाजी उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढे सांगितल्यावर त्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावते, त्याने वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेटोळ्याच्या टोकांवर सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्वच इथे कामाला लागते. मामांना अडचण आली ती तारेच्या नंबरात. पिकअपमध्ये बहुतेक वेळा ४२ गेजची तार असते, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून ती एक दशांश मिलिमीटर जाडीची असल्याचे ठामपणे सांगितले. मग लक्षात आले की त्यांचा तक्ता ब्रिटिश गेजचा आहे आणि पिकअपवाले अमेरिकी गेज वापरतात. अमेरिकी ४२ म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर, जी मामांच्या तक्त्यात ४६ नंबरच्या जवळ बसते. केसाएवढी ती तार बघून त्यांनी चष्मा पुसला आणि असली तार हाताने गुंडाळणाऱ्याला हात जोडले पाहिजेत, असे म्हणाले.

त्यांच्याकडे जाण्यामागे माझा हेतू वेगळाच होता. मी इंटरनेटवर पिकअपचे आकडे वाचून एक यादी केली होती आणि ज्याचे किलो-ओहम (वेटोळ्याच्या विद्युतरोधाचे माप) जास्त तो अधिक ताकदवान व भरीव, अशी माझी समजूत झाली होती. जुन्या पिकअपचे मीटरवर ५.९ आले, तेव्हा मला आजाराचे निदान सापडल्यासारखे वाटले. मामा हसले. "आरं, नुसता ओम बघून मोटर किती एचपीची ते कळतंय व्हय? तार कुठली, टर्न किती, ते सांग आधी."

त्यांचे म्हणणे पिकअपला तंतोतंत लागू पडते. तेवढेच फेरे ४२ ऐवजी ४३ गेजच्या तारेने दिले, तर निव्वळ तार बारीक झाल्यामुळे रोध सुमारे सव्वापट होतो. फेरे वाढलेले नसतात आणि चुंबकही तोच असतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. वीस अंशांना ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांना मोजला, तर मीटरवर साडेआठच्या आसपास आकडा येतो, आणि त्याच्या आवाजात काही भर पडलेली नसते. हा आकडा एकाच घडणीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपची तुलना करायला आणि तार तुटली आहे का ते बघायला उपयोगी आहे. आवाजाचा अंदाज त्यावरून बांधणे म्हणजे रश्श्याची चव पातेल्याच्या वजनावरून ठरवणे आहे.

आवाजाचा पोत बराचसा ठरतो तो वेटोळ्याच्या इंडक्टन्सने, जो हेन्रीमध्ये मोजतात, आणि गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत जाणाऱ्या केबलच्या कपॅसिटन्सने. या दोघांची जोडी एका विशिष्ट कंप्रतेला उभारी देते आणि त्याच्या वरचा भाग झपाट्याने कापून टाकते. ही उभारी कुठे आहे, यावर कानाला आवाज धारदार वाटणार की गोल, हे अवलंबून असते. ढोबळ हिशेब सांगतो. सर्वसाधारण केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरला, तर सहा मीटरच्या केबलचा ६०० होतो. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास असतो, त्यामुळे त्याची उभारी सुमारे ४,२०० हर्ट्झला येते. साडेचार हेन्रीच्या मध्यम हमबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) सुमारे ३,१०० ला आणि आठ हेन्रीच्या जास्त गुंडाळलेल्या हमबकरची सुमारे २,३०० ला. माझ्या कानाला टोचणारी जागा हीच चार हजारांच्या आसपासची होती.

या हिशेबातून एक फुकटचा प्रयोग सुचला आणि तो करून बघावा असे मी प्रत्येकाला सांगेन. दोन केबल जोडून लांबी दुप्पट केली की कपॅसिटन्स दुप्पट होतो आणि २.४ हेन्रीच्या त्याच पिकअपची उभारी ३,००० हर्ट्झच्या जवळ उतरते. मी मित्राची केबल जोडून बघितले. टोचणे निम्म्याहून कमी झाले, पण आवाज अंगाने भरला मात्र नाही. तेव्हा उलगडले की माझी तक्रार एक नसून दोन आहेत; वरचा टोकदारपणा ही एक, आणि खालच्या-मधल्या भागातली उणीव ही दुसरी. पहिलीवर केबलनेही उपाय होतो. दुसरीसाठी तारेच्या कंपनातून मुळातच जास्त काही मिळवावे लागते.

म्हणून पिकअप विकत घेण्याआधी गिटारवर जे करता येण्यासारखे होते ते सगळे केले. पिकअपची उंची बघितली, तर शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरल्यावर ब्रिज पिकअप तारेपासून जवळजवळ चार मिलिमीटर खाली होता. तो जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटरपर्यंत वर घेतला. आवाजात एवढा फरक पडला की इतकी वर्षे आपण काय ऐकत होतो, असा प्रश्न पडला. याहून वर नेण्यात मात्र अर्थ नाही, कारण सिंगल कॉइलमधले दांड्याच्या आकाराचे चुंबक तारेला खेचू लागतात आणि वरच्या पट्ट्यांवर स्वर डळमळतो. दुसरी गोष्ट टोनची. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ जोडणीत ब्रिज पिकअपला टोनचा नॉब जोडलेलाच नव्हता आणि अनेक गिटारमध्ये ती परंपरा आजही चालू आहे. स्विचवर एक छोटी तार टाकून मी खालचा टोन नॉब ब्रिज पिकअपलाही लावून घेतला. तारांचा नऊचा सेट काढून थोडा जाड, दहाचा टाकला; त्यासाठी नेकचा ताण थोडा जुळवावा लागला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, असे आज वाटते. पण मनात पिकअप भरला होता, आणि तेवढ्यात पुण्यातल्या एकाकडे वापरलेला पिकअप विकाऊ असल्याचे कळले. सिंगल कॉइलच्याच आकारात दोन पट्ट्यांचा हमबकर, सिरॅमिक चुंबक आणि मीटरवर १६ किलो-ओहमच्या वर. मामांचे बोलणे ऐकूनही मी त्या आकड्याला भुललो. लाकूड कोरायचे नाही, पिकगार्ड (ज्यावर पिकअप बसतात तो प्लास्टिकचा पत्रा) कापायचा नाही, जुन्याच्या जागी नवा बसतो, ही सोयही मोहात पाडणारी होती. घरी ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) लावून वाजवला तेव्हा छाती भरून आली. रविवारी खोलीत मात्र वेगळाच प्रकार झाला. जाड तारांवरचे स्वर बेसमध्ये मिसळून चिखल झाला, आणि स्वच्छ आवाजात एकेक तार छेडत वाजवायच्या गाण्यात बोटाचा हलका-जोरकस भेदच उरला नाही; सगळे एकाच वजनाने बाहेर पडू लागले. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, बेसची तीच तार त्याच्या निम्म्याने. त्या खालच्या पट्ट्यात गिटारने गर्दी केली की दोघांचेही नुकसान होते, हे माझ्या आधी ऑक्टोपॅडवाल्याच्या लक्षात आले होते. पिकअपमध्ये दोष काहीच नव्हता. सतत जड ओव्हरड्राइव्हवर वाजवणाऱ्याला तो सोन्यासारखा वाटेल. महिन्याभरात तो इचलकरंजीच्या अशाच एका मित्राकडे गेला.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. पर्याय तसे मोजकेच होते. थोडे जास्त फेरे दिलेला सिंगल कॉइल घेता आला असता, पण त्याने गुणगुण तशीच राहिली असती; मांडवातल्या रोषणाईच्या माळा आणि जनरेटर यांच्या शेजारी वाजवताना ५० हर्ट्झची ती घरघर माझ्या फार डोक्यात जाते. गिब्सनने १९४६ साली आणलेला पी-नव्वद हा माझा खरा आवडता आवाज आहे. रुंद वेटोळे, सुमारे दहा हजार फेरे आणि खाली आडवे चुंबक, त्यामुळे मधला भाग दाणेदार येतो. पण तोही सिंगल कॉइलच असल्यामुळे घरघर कायम. जुन्याच पिकअपच्या तळाला पातळ पोलादी पट्टी चिकटवण्याचा उपाय स्वस्त आणि बऱ्यापैकी गुणकारी आहे. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपला तशी पट्टी असते. त्यानेही माझी दुसरी तक्रार पुरती मिटली नसती.

शेवटी गिटार उघडली. हे काम खरे तर सगळ्यात आधी करायला हवे होते. पिकगार्ड काढल्यावर दिसले की आतली कोरलेली जागा तीन वेगळ्या खाचांची नसून हौदासारखी सलग आहे, म्हणजे पूर्ण आकाराचा हमबकर लाकडाला हात न लावता बसू शकतो. आता प्रश्न एवढाच राहिला की कोणत्या स्वभावाचा हमबकर घ्यायचा.

गिब्सनचा हमबकर घडवला तो तिथल्या सेथ लव्हर यांनी. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून ते पिकअप गिटारांवर बसू लागले आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपच्या पाठीवर पेटंटसाठी अर्ज केल्याची चिठ्ठी असे, त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना आजही पीएएफ म्हणतात. दोन वेटोळी एकमेकांच्या उलट आणि त्यांखालच्या चुंबकाचे ध्रुवही उलट. त्यामुळे बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन विझते आणि तारेचा स्वर मात्र दुपटीने जमा होतो. शिवाय तार शेजारशेजारच्या दोन ठिकाणी ऐकली जात असल्यामुळे अगदी वरचे काही उपस्वर आपोआप बाद होतात. त्या काळी दर वेटोळ्याला साधारण पाच हजार फेरे असत, पण यंत्रे अचूक मोजून थांबत नसत, त्यामुळे एकासारखा दुसरा निघेलच असे नसे. आज त्या गलथानपणालाच लोक जादू म्हणतात आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

मी त्याच घडणीचा, मध्यम फेऱ्यांचा, ८ किलो-ओहमच्या आसपासचा नवा पिकअप निवडला. अल्निकोमध्ये दोन नंबर आणि पाच नंबर असे पर्याय होते. अल्निको म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला चुंबक. दोन नंबर सौम्य आणि थोडा लवचीक वाटतो, पाच नंबरमध्ये खालचा भाग घट्ट आणि वरचा उजळ येतो. बेसबरोबरचा चिखल आठवून मी पाच घेतला. घरी एकट्याने वाजवणाऱ्याला मी कदाचित दोन सुचवला असता.

पिकगार्डचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. लक्ष्मीपुरीतल्या एका नेमप्लेटच्या दुकानात जुना पिकगार्ड नमुना म्हणून दिला आणि ब्रिजकडचा छेद हमबकरच्या मापाचा काढून द्यायला सांगितले. त्यांनी काळ्या अ‍ॅक्रिलिकमधून लेझरने तो इतका सफाईने कापला की बाजारच्या मालापेक्षा बरा दिसतो. हे कशासाठी, असे त्यांनी दोनदा विचारले आणि शेवटी गाडीचा भाग असावा अशी स्वतःची समजूत घातली.

जोडणीच्या वेळी दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. चार तारांच्या हमबकरमध्ये रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. सेमूर डंकनमध्ये काळी तार आवाज बाहेर नेते आणि पांढरी व लाल एकमेकींना जोडायच्या असतात. डिमार्झिओमध्ये लाल तार आवाज नेते आणि काळी व पांढरी जोडायच्या असतात. माझा पिकअप या दोघांचाही नव्हता आणि सोबत कागद आला नव्हता. मीटर लावून ज्या दोन तारांमध्ये सुमारे ४ किलो-ओहम दिसतात त्या एका वेटोळ्याच्या, एवढे शोधता आले. ब्रिज पिकअप एकटा उत्तम वाजला. मधल्या पिकअपबरोबर एकत्र केला की मात्र आवाज आधीपेक्षाही पोकळ, नाकातून येणारा होई. दोघांची फेज उलटी होती, म्हणजे एकाचा संकेत वर जाताना दुसऱ्याचा खाली येत होता. मामांच्या सुईच्या मीटरवर दोन्ही पिकअपला आळीपाळीने स्क्रूड्रायव्हर चिकटवून झटकन काढला, तेव्हा एकाची सुई उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे उडाली. हमबकरच्या आवाजाच्या आणि अर्थिंगच्या तारांची अदलाबदल केली, उघडी शील्डची तार अर्थिंगलाच ठेवली, आणि भानगड मिटली. भरीव आवाजासाठी पिकअप बदलून आवाज आणखी पातळ झाला अशी तक्रार कोणी केली, तर मी आधी हेच तपासायला सांगेन.

व्हॉल्यूमचा जुना २५० किलो-ओहमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) काढून ५०० चा टाकला, कारण २५० वर हमबकरचा वरचा उजेड जरा जास्तच दबतो. त्यामुळे उरलेले दोन सिंगल कॉइल थोडे अधिक धारदार झाले. त्यांच्यासाठी टोनचा नॉब सातवर आणतो.

जुना आणि नवा आवाज ताडून बघताना मी एक पथ्य पाळले. जुन्याचे आधी करून ठेवलेले रेकॉर्डिंग आणि नव्याचे रेकॉर्डिंग, तीच ओळ, अ‍ॅम्पचे नॉब त्याच जागी, पण ऐकताना दोन्हींची पातळी सारखी केली. मोठा आवाज कानाला नेहमीच भरीव वाटतो, आणि नवा पिकअप जुन्यापेक्षा मोठा असणारच. पातळी सारखी केल्यावर फरक अपेक्षेपेक्षा लहान पण नेमका त्याच जागी निघाला. चार हजारांच्या आसपासचा काटा गेला होता, मधला भाग पुढे आला होता आणि तार छेडल्यावरची आस किंचित लांबली होती. त्या रविवारी बेसवाला मित्र काहीच बोलला नाही, आणि त्याच्या बाबतीत ती पसंतीच समजायची असते.

आता नवीन अडचण अशी आहे की ब्रिजवरून स्विच नेकवर नेला की आवाज एकदम बसतो. नेकचा सिंगल कॉइल हमबकरपुढे दुबळा पडतो. सध्या हमबकरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा खाली घेत आणि नेककडचे वर घेत दोघांची पातळी जुळवणे चालू आहे. मामांनी जुना ५.९ चा पिकअप ठेवून घेतला आहे. पावसाळ्यात काम कमी असते तेव्हा तो उकलून त्याचे टर्न मोजणार, असे ते म्हणतात.